पाण्याच्या बातमीतील कर्ता : मराठी, हिंदी व इंग्रजी जलवार्तांकनाचा एक तौलनिक विचार

१.

पाणी हा विषय मराठी साहित्यसमीक्षेला नवा नाही. दुष्काळाचे चित्रण करणारी ग्रामीण कथा, धरणग्रस्तांच्या जीवनावरील कादंबरी आणि पाणवठ्यावरील मज्जावाची नोंद करणारी दलित आत्मकथने यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पाण्याविषयीची बातमी मात्र मजकूर म्हणून क्वचितच वाचली गेली. वृत्तपत्रीय लेखन क्षणजीवी असते आणि त्याचे मूल्य माहितीपुरतेच असते, या गृहीतकामुळे ते समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांनीही पाण्याच्या वार्तांकनाचा विचार प्रामुख्याने माहितीच्या अंगाने केला. बातमीदाराला जलविज्ञानाची मूलतत्त्वे, मोजमापाची एकके, आंतरराज्य लवादांचे निवाडे आणि सिंचनविषयक कायदे ठाऊक असावेत, अशी अपेक्षा तेथे व्यक्त होते. ही अपेक्षा रास्त आहे. परंतु हे सारे ठाऊक असूनही बातमी फसते, असा अनुभव वारंवार येतो. ती कोठे फसते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

आरंभी मराठी भाषेच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. पाण्याशी निगडित असलेली आपली बहुतेक क्रियापदे जोडीने येतात : आटणे आणि आटवणे, सुटणे आणि सोडणे, मुरणे आणि मुरवणे, अडणे आणि अडवणे, फुटणे आणि फोडणे. जोडीतील पहिले क्रियापद अकर्मक आहे. तेथे पाणी किंवा कालवा स्वतःच वाक्याचा कर्ता होतो आणि घटना आपोआप घडल्यासारखी भासते. दुसरे सकर्मक आहे; ते वापरताच 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. या दोहोंच्या मधोमध प्रशासकीय मराठीची लाडकी रचना आहे : 'पाणी सोडण्यात आले'. या रचनेत कोणीतरी कृती केली एवढे मान्य केले जाते, पण ती कोणी केली हे सांगण्याचे बंधन राहत नाही. 'दुष्काळ पडला' या प्रयोगात तर तेवढीही कबुली नाही. पाऊस जसा पडतो तसाच दुष्काळही आपल्याकडे पडतो. हिंदीतही 'सूखा' पडतोच.

पाण्याचे वार्तांकन शिकणे म्हणजे या क्रियापदांमधून जाणीवपूर्वक निवड करायला शिकणे, असे माझे प्रतिपादन आहे. कर्ता सापडला की तो लिहिणे, सापडला नाही तर तो सापडला नाही हे वाचकाला दिसू देणे आणि कर्ता अनेकवचनी असेल तेव्हा सोयीसाठी एकालाच पुढे न करणे, एवढ्या तीन गोष्टींत हे शिक्षण सामावलेले आहे. या दृष्टीने महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मराठी लेखन, अनुपम मिश्र यांचे हिंदी पुस्तक आणि पी. साईनाथ यांचे इंग्रजी वृत्तलेखन एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. त्यानंतर अलीकडच्या काळातील तीन प्रसंगांवर हे प्रतिपादन पडताळून पाहिले आहे.

२.

या विवेचनामागे एक वैयक्तिक अनुभव आहे. अध्यापनाकडे वळण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने नव्वदच्या दशकात मराठवाड्यातील एका जिल्हा दैनिकात दोन वर्षे उमेदवारी केली. पावसाळ्यात पाटबंधारे खात्याकडून धरणसाठ्याची टिपणे येत. ती जुळवून 'धरण इतके टक्के भरले' अशी चौकट करणे हे कनिष्ठ उपसंपादकाचे काम असे. हे टक्के एकूण साठ्याचे की उपयुक्त साठ्याचे, हे मी कित्येक महिने कोणाला विचारले नाही. मलाही कोणी विचारले नाही. रब्बीच्या हंगामात एकदा कालव्याला आवर्तन सुटल्याची बातमी मी दिली. चौथ्या दिवशी कालव्याच्या टोकाकडील गावचा एक शेतकरी बातमीचे कात्रण खिशात घालून कचेरीत आला. आवाज न चढवता तो म्हणाला, "साहेब, पाणी सुटलं हे आम्हाला पेपरातच कळलं. कुठं पोचलं ते बी लिहा ना."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत चारीच्या कडेने चालत गेलो. शेजपाळीचे तत्त्व असे सांगितले जाते की, पाणी पायथ्याकडून माथ्याकडे देत जावे. म्हणजे टोकाच्या शेतकऱ्याचा हक्क आधी पुरा व्हावा. प्रत्यक्षात माथ्याकडच्या शिवारात पाटाचे काठ जागोजागी कापलेले होते. तेथे ऊस उभा होता. टोकाची चारी कोरडी होती आणि तिच्यात गवत वाढले होते. माझ्या बातमीतला एकही शब्द खोटा नव्हता. पाणी खरोखरच सुटले होते. परंतु 'सुटले' या क्रियापदाने बातमी धरणाच्या दारापाशीच संपवली होती. त्या दिवशी जे पाहिले त्यावर मी दुसरी बातमी लिहिली. तिच्यातील 'कापलेले' हा शब्द संपादकीय मेजावर 'फुटलेले' असा बदलून छापला गेला. काठ आपोआप फुटले, असा त्याचा अर्थ झाला. त्या शेतकऱ्याला नंतर तोंड दाखवणे मला जड गेले. क्रियापदाच्या निवडीत किती राजकारण असते, याचा पहिला धडा मला भाषाशास्त्राच्या वर्गात न मिळता त्या एका दुरुस्तीने दिला.

एककांचा प्रश्नही अखेर वाक्यरचनेचाच प्रश्न आहे. 'टीएमसी' म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. हे साठ्याचे माप आहे. 'क्युसेक' म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हे वेगाचे माप आहे. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचे तर साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालू ठेवावा लागेल. 'धरणातून दहा हजार क्युसेक पाणी सोडले' हे वाक्य आपण नित्य वाचतो. किती वेळ सोडले हे न सांगितल्यामुळे ते अपुरे राहते. 'बस ताशी साठ किलोमीटर गेली' या वाक्याइतकेच ते अपुरे आहे. आकडा असल्यामुळे त्याचा अपुरेपणा मात्र लक्षात येत नाही.

'मृत साठा' या संज्ञेचेही असेच आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर मानली जाते. त्यातील २,१७१ दशलक्ष घनमीटर हा उपयुक्त साठा आणि ७३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे २६ टीएमसी, हा मृत साठा. कालव्याच्या दाराच्या पातळीखाली असलेले आणि गुरुत्वाने बाहेर न पडणारे पाणी, एवढाच 'मृत' या विशेषणाचा अर्थ. 'जायकवाडी शून्य टक्क्यावर' असा मथळा येतो तेव्हा वाचकाच्या डोळ्यांसमोर कोरडा तळ उभा राहतो. वास्तविक त्या वेळी धरणात लक्षणीय पाणी असू शकते आणि ते पंपाने उचलून शहरांना पुरवले गेल्याचे प्रसंगही घडले आहेत. शून्य आणि मृत्यू या दोन प्रतिमांनी मिळून एक तांत्रिक पातळी शोकांतिका होऊन बसते. जे पाणी शेताला मिळत नाही आणि शहराला मिळते त्याविषयीचा निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न त्या प्रतिमांखाली झाकला जातो. रूपकांचे असे कार्य साहित्याच्या अभ्यासकाला चटकन ओळखता यायला हवे.

३.

पाण्याच्या वाक्याला कर्ता देण्याची परंपरा मराठी गद्यात जुनी आहे. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाला आपण सामाजिक चिकित्सेचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यातील पाण्याविषयीचा भाग वार्तांकनाच्या दृष्टीने वाचला तर त्याचे निराळे महत्त्व ध्यानात येते. पाटबंधारे खात्यातील गोरे व काळे अधिकारी शेतकऱ्याकडून पाणीपट्टी घेतात, पण त्याला वेळेवर पाणी मिळते की नाही याची फिकीर करीत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. पाण्याच्या टंचाईचे वर्णन करताना फुले ऋतुमानापाशी थांबत नाहीत. ते खात्याचे नाव घेतात, पट्टी घेणाऱ्याचे नाव घेतात आणि उपायही कर्त्यासह सांगतात : सरकारने आपल्या लष्करातील व पोलिसांतील फाजील मनुष्यबळाकडून ठिकठिकाणी बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी आधी शेतांत मुरेल आणि मग नदीनाल्यांस मिळेल असे करावे, प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला प्रमाणशीर पाणी मिळावे म्हणून तोट्या बसवाव्यात. मुरणे, अडणे, मिळणे या सर्व क्रियांमागे येथे कोणीतरी उत्तरदायी उभा आहे. पुढे शंभर वर्षांनी घरोघर पोहोचलेली 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा याच्याशी ताडून पाहावी. उपाय जवळपास तोच आहे. मात्र आज्ञार्थी क्रियापदातून कर्ता नाहीसा झाला आहे आणि जबाबदारी घोषणा वाचणाऱ्यावर येऊन पडली आहे.

दुसरे उदाहरण महाडचे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर पंधरवड्याने, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले आणि महाडच्या घटनेचा विचार त्याच्या आरंभीच्या अंकांतून झाला. जलवार्तांकनाच्या कोणत्याही इतिहासात या अंकांना स्थान मिळायला हवे, कारण पाण्याविषयीचा एक मूलभूत भेद तेथे प्रस्थापित झाला. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. कागदोपत्री 'तळे खुले होते' हे वाक्य पूर्णपणे खरे होते. त्या वाक्यात 'कोणाला?' या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. तळ्यात पाणी होते, टंचाई नव्हती, कायदाही आड येत नव्हता. तरी पाणी भरता येत नव्हते. पाणी आहे की नाही या प्रश्नाआधी ते कोणाला घेता येते हा प्रश्न विचारावा लागतो, हे या लेखनाने मराठी पत्रकारितेला दाखवून दिले. उच्च न्यायालयातील निकाल लागायला १९३७ साल उजाडले, यावरून तो प्रश्न किती अवघड होता याची कल्पना येते.

पुढील काळात मुख्य प्रवाहातील मराठी वृत्तपत्रांनी हा वारसा पुरेसा सांभाळला असे म्हणता येत नाही. पाण्याचे वार्तांकन धरणाच्या टक्क्यांकडे, मंत्र्यांच्या दौऱ्यांकडे आणि टँकरच्या संख्येकडे वळले. फुल्यांनी विचारलेला खात्याविषयीचा प्रश्न आणि आंबेडकरांनी विचारलेला पाणवठ्याविषयीचा प्रश्न हे दोन्ही पुरवणीच्या किंवा स्मरणदिनाच्या पानांवर गेले.

४.

मराठीतील ही कोंडी समजून घेण्यासाठी शेजारच्या दोन भाषांतील पुस्तकांकडे वळणे उपयुक्त ठरेल. अनुपम मिश्र यांचे 'आज भी खरे हैं तालाब' १९९३ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठानाने प्रकाशित केले. साईनाथ यांचे 'एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्राउट' १९९६ मध्ये ग्रंथरूपाने आले. दोन्ही पुस्तके एकाच दशकातील, दोन्ही प्रदीर्घ भटकंतीतून जन्मलेली आणि दोन्हींचा वाचकवर्ग मूळ भाषेपलीकडे पसरलेला. पाण्याच्या वाक्यातील कर्त्याच्या बाबतीत मात्र त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे.

मिश्र यांचा जन्म १९४८ मध्ये वर्ध्याचा, गांधीविचाराच्या परिसरातला. त्यांच्या पुस्तकात कर्ता म्हणजे निर्माता. तळी कोणी बांधली, या प्रश्नाभोवती पुस्तकाची उभारणी झाली आहे. गजधरांपासून मातीकाम, दगडकाम करणाऱ्या नाना समूहांपर्यंत नावांची एक दीर्घ मालिका ते वाचकापुढे ठेवतात. अभियांत्रिकी शिक्षणाने ज्यांना 'अकुशल मजूर' या सदरात ढकलले त्यांना ते शिल्पकार म्हणून परत आणतात. त्यांची हिंदी बोलीला जवळची, लहान वाक्यांची आणि कथनाच्या लयीची आहे. आकडे तीत जवळजवळ दिसत नाहीत. कर्तृत्वाचा असा सन्मान आपल्या कोणत्याही सिंचन अहवालात सापडणार नाही. पुस्तकावर स्वामित्वहक्क न राखण्याचा त्यांचा निर्णयही याच दृष्टीशी सुसंगत आहे. मात्र ज्यांनी तळे बांधले त्यांपैकी कितींना त्यावर पाणी भरता येत होते, हा महाडचा प्रश्न या पुस्तकात मागे राहतो. मिश्रांचा गाव सलग आहे, त्याच्या पाळीवर फारसा संघर्ष नाही. त्यांचे 'समाज' हे सामूहिक नाम पुष्कळ काही सामावून घेते आणि तितकेच झाकूनही टाकते.

साईनाथांच्या लेखनात कर्ता म्हणजे लाभार्थी. देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत फिरून त्यांनी लिहिलेले वृत्तलेख आधी 'टाइम्स ऑफ इंडिया'त प्रसिद्ध झाले. त्यांच्या दुष्काळविषयक प्रकरणांची पद्धत साधी आहे. ते प्रथम पावसाचे प्रमाण पाहतात आणि मग पैशाची वाट धरतात. ओडिशातील कालाहंडीचे नाव दुष्काळाचा पर्याय झाले होते. तेथे पाऊस अनेक 'सुस्थित' प्रदेशांपेक्षा कमी पडत नाही, हे ते दाखवतात. म्हणजे तेथील भूक पावसावर ढकलता येत नाही. पलामूमध्ये त्यांना 'तीसरी फसल' हा शब्दप्रयोग भेटतो. खरीप आणि रब्बीनंतर येणारे तिसरे पीक म्हणजे दुष्काळनिवारणाचा निधी. ते पीक कापणारा शेतकरी नसतो. कंत्राटदार, अधिकारी आणि राजकारणी यांच्या साखळीचे इतके नेमके वर्णन करणारा हा शब्द स्थानिक लोकांनीच घडवला होता. बातमीदाराचे कौशल्य तो ऐकण्यात आणि मथळ्याच्या योग्यतेचा मानण्यात होते.

या पुस्तकाच्या मराठी अनुवादाचे शीर्षक 'दुष्काळ आवडे सर्वांना' असे आहे. तौलनिक अभ्यासकासाठी ते विचारप्रवर्तक आहे. इंग्रजी शीर्षकात 'एव्हरीबडी' हा वाक्याचा कर्ता आहे. आवडण्याची क्रिया करणारी माणसे वाक्याच्या अग्रभागी आहेत. मराठीत 'आवडणे' या क्रियापदाच्या स्वभावानुसार 'सर्वांना' हे रूप चतुर्थीत जाते आणि दुष्काळच व्याकरणिक कर्ता होतो. 'गुड' या विशेषणातील उपरोधही शीर्षकात उतरलेला नाही. त्याऐवजी 'आवडे' या पद्यातील रूपाने एक अभंगसदृश चाल आली आहे आणि तिच्यामुळे उपरोधाला निराळी, काहीशी लोकोक्तीची धार मिळाली आहे. ही अनुवादकाची चूक नव्हे. भाषेने दिलेल्या शक्यतांतून केलेली ती चांगली निवड आहे. परंतु एका भाषेतील कर्ता दुसऱ्या भाषेत जाताना व्याकरणाच्या वाटेनेच कसा मागे सरतो, हे या तीन शब्दांच्या शीर्षकात स्पष्ट दिसते. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून रोज मराठी बातमी तयार करणाऱ्या उपसंपादकाच्या मेजावर हीच क्रिया शेकडो वाक्यांत घडत असते.

मिश्र बांधणाऱ्याचे नाव सांगतात, साईनाथ खाणाऱ्याचे. एका पुस्तकात जी उणीव आहे ती दुसऱ्याने भरून निघते, असे म्हणणे मात्र सोपे ठरेल. साईनाथांच्या वाचकाला संताप येतो, पण पाणी राखण्याचे जुने शहाणपण त्याच्या हाती फारसे लागत नाही. मिश्रांच्या वाचकाला ते शहाणपण मिळते, पण ते कोणी मोडले हे त्याला अंधूकच दिसते. फुल्यांच्या पाण्याविषयीच्या मोजक्या पानांत बांधणारा आणि खाणारा हे दोन्ही कर्ते एकत्र होते, ही गोष्ट या तुलनेनंतर अधिक ठळकपणे जाणवते.

५.

आता तीन प्रसंगांकडे वळू. महाराष्ट्राच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीनंतर 'सत्तर हजार कोटी खर्चूनही सिंचन अवघे ०.१ टक्का वाढले' हे वाक्य सर्वतोमुखी झाले. त्यातून राजकीय वादळ उठले, २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले आणि त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. वार्तांकनाचा एवढा प्रभाव क्वचितच दिसतो. तरीही ते वाक्य नीट वाचले पाहिजे. ०.१ टक्का हा फरक एका गुणोत्तरातला होता : एकूण पिकांखालील क्षेत्राशी एकूण सिंचित क्षेत्राचे प्रमाण. त्या सिंचित क्षेत्रात विहिरींवरचे सिंचनही येते. काही बातम्यांनी त्याला 'सिंचनक्षमता' म्हटले. क्षमता म्हणजे प्रकल्पामुळे कागदावर निर्माण झालेली शक्यता. प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र ही निराळी गोष्ट. या शब्दांच्या सरमिसळीचा लाभ सरकारी बाजूला झाला. क्षमतेचे आकडे पुढे करून वाढ दाखवणे तिला शक्य झाले आणि वाद आकड्यांच्या लढाईत अडकला. बातमीतील मूळ शंका रास्त होती. संज्ञा सैल असल्यामुळे तिची धार बोथट झाली. 'कुठेतरी पाणी मुरते आहे' हा मराठी वाक्प्रचार अशा वेळी हमखास वापरला जातो. पाणी जमिनीत मुरणे ही जलसंधारणातील इष्ट गोष्ट, तर वाक्प्रचारात ती संशयाची खूण आहे. शेताऐवजी वाक्प्रचारातच पाणी मुरले, असे या प्रकरणाचे वर्णन करता येईल.

दुसरा प्रसंग लातूरचा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर गेली. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. म्हणजे एका फेरीचे पाणी माणशी साडेसहा लिटर. एक टीएमसी पाणी आणायचे तर अशा अकरा हजारांहून अधिक फेऱ्या लागल्या असत्या. तहानलेल्या शहराला त्या साडेसहा लिटरचे मोल होते, हे निर्विवाद. पण छायाचित्रात कर्ता ठळक होता : रेल्वे पाणी आणते आहे. मांजरा धरण कोणाच्या कोणत्या वापराने रिते झाले, या वाक्याला छायाचित्र नव्हते. राज्यात पिकांखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदले आहे. मदतीचा कर्ता दिसतो आणि अभावाचा कर्ता दिसत नाही, ही दृश्य माध्यमांची स्वाभाविक मर्यादा आहे. ती भरून काढणे हे लिहिणाऱ्याचे काम होते. काहींनी ते केले. पण गाडीपुढे ते मागे पडले.

तिसरा प्रसंग अधिक वेदनादायक आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती, हे लगेच पुढे आले. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरणाच्या भिंतीतील खेकड्यांना जबाबदार धरले. या विधानाची यथेच्छ टवाळी झाली आणि ती योग्यच होती. मात्र आपल्या दृष्टीने त्यात एक मर्म आहे. 'धरण फुटले' हे अकर्मक वाक्य जनतेला पुरेसे वाटेना. तिला कर्ता हवा होता. त्या मागणीच्या दडपणाखाली सत्तेने एक कर्ता पुरवला, जो तक्रार वाचू शकत नव्हता आणि ज्याच्यावर खटला भरता येत नव्हता. पुढचे कित्येक दिवस बातम्यांतून, व्यंगचित्रांतून खेकडेच फिरत राहिले. ग्रामस्थांचा तक्रारअर्ज कोणत्या मेजावर किती दिवस पडून होता, या प्रश्नाची जागा विनोदाने घेतली. टवाळीमुळेही कर्ता हरवू शकतो, हे वार्तांकनाच्या विद्यार्थ्याने येथून शिकावे.

६.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. प्रत्येक अभावामागे कर्ता शोधण्याचा हट्ट धरला तर बातमीचे रूपांतर आरोपपत्रात होईल. निसर्गाची अनिश्चितता, हवामानातील बदल, खडकाची जातकुळी यांना मग जागा उरणार नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठवण्याची शक्ती मुळातच मर्यादित आहे. हा कोणाचा कट नव्हे. भूजलाच्या बाबतीत तर हा आक्षेप अधिकच खरा ठरतो. एखाद्या गावात शेकडो विंधनविहिरी असतात. प्रत्येक जण आपल्या बागेपुरते किंवा घरापुरते पाणी उपसतो आणि सर्वांचे मिळून पाणी खोल जाते. येथे 'पाणी आटले' हे वाक्य पळवाटीचे आहे आणि 'अमुक एकाने आटवले' हे अन्यायाचे. 'आपण सर्वांनी आटवले' हे वाक्यही फसवे आहे, कारण दोनशे फुटांवर थांबलेला आणि आठशे फुटांपर्यंत गेलेला असे दोघेही त्या 'आपण'मध्ये सारखेच गणले जातात.

गोदावरीच्या वादातही हेच दिसते. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा प्रश्न निघाला की 'हक्काचे पाणी' हा एकच शब्दप्रयोग दोन्हीकडील वृत्तपत्रांत येतो. एकीकडे ते पळवले जाते, दुसरीकडे अडवले जाते. मेंढेगिरी समितीच्या शिफारशी आणि २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश यांनी त्या हक्काला एक मोजमाप दिले होते : १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडण्याचा विचार. या मोजमापाविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या बातमीत ते येते त्या बातमीतील 'हक्क' तपासता येतो आणि ज्या बातमीत ते येत नाही तिथला 'हक्क' केवळ आवृत्तीच्या प्रसारक्षेत्रावर ठरतो.

तेव्हा कर्ता शोधणे म्हणजे आरोपी शोधणे नव्हे. कर्त्याची जागा रिकामी आहे, भरलेली आहे की दाटीवाटीची आहे, हे वाक्यात प्रामाणिकपणे दिसू देणे एवढाच त्याचा अर्थ. बांधणारा, देणारा, घेणारा, अडवणारा आणि वंचित राहणारा अशा पाच कर्त्यांची विचारणा केल्याशिवाय पाण्याची बातमी पुरी होत नाही. ही विचारणा जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात नाही. ती फुल्यांच्या आणि आंबेडकरांच्या गद्यात आहे, मिश्र व साईनाथ यांच्या पुस्तकांत वेगवेगळ्या अर्धांनी आहे. म्हणून पत्रकारितेच्या वर्गात हे मजकूर साहित्यकृतींइतक्याच सूक्ष्मपणे वाचले जायला हवेत आणि साहित्याच्या वर्गात बातमीही त्याच सूक्ष्मतेने वाचली जायला हवी.

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठात मराठी शिकवताना मी अलीकडे पहिल्या सत्रातील विद्यार्थ्यांना एक लहान काम देतो. आपल्या मातृभाषेतील पाण्याची एक बातमी आणावी, तिच्यातील क्रियापदांखाली रेघा ओढाव्यात आणि प्रत्येकापुढे 'कोणी?' असे लिहावे. निरनिराळ्या भाषांतील कागदांवर त्या शब्दापुढची जागा बहुतेक वेळा कोरीच परत येते. ते कागद गोळा करताना खिशात कात्रण घालून आलेल्या त्या शेतकऱ्याची मला आठवण होते. त्याने विचारलेला प्रश्न व्याकरणाचाही होता, हे समजायला मला फार वर्षे लागली.